दगड, शाई आणि भिंत : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची फ्रेंच पोस्टरे कशी घडली

एक पाय उंच उडवणारी सोनेरी केसांची नर्तकी, पिवळ्या पार्श्वभूमीवर बसलेली काळी मांजर आणि लांब केसांच्या वेटोळ्यांत हरवलेली, सिगारेट ओढणारी तरुणी ही तीन चित्रे आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असतात. ती पॅरिसमध्ये १८९१ ते १८९६ या काळात जाहिरातीसाठी छापली गेली. सपाट रंग, ठळक बाह्यरेषा, मोजकी अक्षरे आणि मोकळी सोडलेली जागा ही त्यांची ओळख आहे. कलेच्या इतिहासात या गुणांचा उल्लेख सहसा चित्रकारांची शैली म्हणून होतो. ते खरे असले तरी अपुरे आहे. ही पोस्टरे दगडावरून छापली जात, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे, प्रत्येक दगडामागे खर्च वाढे आणि तयार झालेले चित्र रस्त्यावरून चालत जाणाऱ्या माणसाला दुरून कळावे लागे. या अटी समजून घेतल्या, म्हणजे ती चित्रे तशीच का दिसतात, हे बऱ्याच अंशी उलगडते.

सुरुवात दगडापासून करायला हवी. शिळाछपाईचे तंत्र आलोईस झेनेफेल्डर याने म्युनिक येथे १७९६ च्या सुमारास शोधले आणि पुढच्या काही वर्षांत पूर्णत्वाला नेले. त्याआधी छपाईचे दोन मुख्य मार्ग होते. लाकडी ठसा किंवा शिशाचा खिळा वापरताना उंच भागाला शाई लागे, तर तांब्याच्या पत्र्यावर कोरताना ती खोलगट रेषांमध्ये भरली जाई. झेनेफेल्डरच्या पद्धतीत उंच-सखलपणाचा संबंधच नव्हता, कारण दगडाचा पृष्ठभाग पूर्ण सपाट असे. छपाई साधली जाई ती तेलकट पदार्थ आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर. पाटीवर तेलाचे बोट लागलेले असेल, तर ओले फडके फिरवल्यावर बाकीची पाटी भिजते, पण तेवढा डाग कोरडाच राहतो. शिळाछपाईचे मूळ तत्त्व यापेक्षा फार वेगळे नाही.

यासाठी बव्हेरियातल्या झोल्नहोफेन परिसरातला अतिशय बारीक कणांचा चुनखडीचा दगड सर्वोत्तम मानला जाई, कारण तो तेल आणि पाणी या दोघांनाही सारख्याच सहजतेने धरून ठेवतो. कारागीर वाळू आणि पाणी टाकून एक दगड दुसऱ्यावर घासत आणि पृष्ठभाग हवा तितका खरबरीत किंवा गुळगुळीत करून घेत. मग मेण, साबण, चरबी आणि काजळी यांपासून केलेल्या कांडीने किंवा तशाच तेलकट शाईने चित्रकार दगडावर चित्र काढी. त्यानंतर किंचित नायट्रिक आम्ल मिसळलेले डिंकाचे पाणी वरून फिरवले जाई. त्याने चित्रातली चरबी दगडात पक्की बसे, तर कोरा भाग पाणी धरून ठेवणारा आणि शाईला नकार देणारा होई. आता दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त चित्राला चिकटे. वर कागद ठेवून दाब दिला म्हणजे ठसा उमटे. पुन्हा पाणी, पुन्हा शाई, पुन्हा कागद असे हे चक्र चाले आणि एका दगडावरून हजारो प्रती निघू शकत.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, मध्ये कोरक्या लागत नसे. लाकडात किंवा तांब्यात कोरायला वेगळे कसब हवे आणि त्या कोरण्यात चित्रकाराच्या हाताची मूळ लय बरीचशी हरवून जाते. दगडावर मात्र कांडी जशी फिरेल तशीच ती कागदावर उमटते, जोर दिलेला भाग गडद आणि हलका हात फिरलेला भाग दाणेदार, फिकट. अडचण एवढीच, की छाप उलटी पडते, त्यामुळे चित्र आणि विशेषतः अक्षरे दगडावर आरशात दिसतात तशी काढावी लागत. यावर एक तोडगा होता. खास कागदावर सुलट चित्र काढायचे आणि ते दाबाखाली दगडावर उतरवायचे. पुष्कळ छापखान्यांत अक्षरे काढण्याचे काम स्वतंत्र कारागिराकडे असे.

रंगीत छपाईचा प्रश्न याहून अवघड होता. गोदफ्रुआ एंगेलमन याने १८३७ मध्ये फ्रान्समध्ये रंगीत शिळाछपाईचे पेटंट घेतले. तिच्यात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागतो. आधी मुख्य रेखाटनाचा दगड तयार होतो आणि त्याची पुसट छाप बाकीच्या सर्व दगडांवर घेतली जाते, म्हणजे कोणता रंग कुठे यायचा हे कळते. ही छाप तेलकट नसल्यामुळे छपाईत उमटत नाही. त्यानंतर एकच कागद पाळीपाळीने प्रत्येक दगडावरून जातो. दर वेळी तो अगदी नेमक्या जागी बसावा म्हणून कडांना खुणा केलेल्या असतात. खूण थोडी जरी चुकली, तरी ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक छापखाने तैलचित्राची हुबेहूब नक्कल करण्यासाठी दहा, पंधरा, कधी वीस दगड वापरत आणि बारीक ठिपके देऊन छटा जुळवत. घरात टांगायच्या चित्रासाठी एवढा खटाटोप परवडे. काही आठवडे भिंतीवर राहून पावसात भिजणाऱ्या किंवा दुसऱ्या कागदाखाली गाडल्या जाणाऱ्या जाहिरातीसाठी तो परवडणारा नव्हता.

हे कोडे ज्यूल शेरे याने सोडवले. आज चित्रकार तुलूझ-लोत्रेकचे नाव त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक घेतले जाते, पण पोस्टर या प्रकाराचा खरा रचनाकार शेरेच होता, असे मला ठामपणे वाटते. त्याचा जन्म १८३६ मध्ये पॅरिसमध्ये झाला. वडील छापखान्यात अक्षरजुळारी होते. घरची परिस्थिती बेताची असल्याने तेराव्या वर्षी तो एका शिळाछापखान्यात उमेदवारी करू लागला. पुढे काही वर्षे त्याने लंडनमध्ये काम केले. तिथे सुगंधी द्रव्यांचे उत्पादक युजीन रिमेल यांच्याशी त्याचा परिचय झाला आणि त्यांच्याच आर्थिक मदतीने १८६६ मध्ये त्याने पॅरिसमध्ये स्वतःचा छापखाना उभारला. म्हणजे शेरे आधी छापणारा होता आणि नंतर चित्रकार म्हणून गाजला. दगडाला काय जमते आणि काय महाग पडते, हे तो हाताने शिकला होता.

त्याची युक्ती अशी होती. दहा-पंधरा दगडांऐवजी तो तीनच दगड घेई. एका दगडावर काळ्या शाईतले रेखाटन, दुसऱ्यावर झगझगीत लाल, आणि तिसऱ्या दगडावर वर थंड निळसर, खाली ऊबदार पिवळसर होत जाणारी पार्श्वभूमी. तिसऱ्या दगडावर दोन रंगांची शाई अशा रीतीने लावली जाई, की मधल्या पट्ट्यात ते दोन्ही रंग आपोआप एकमेकांत मिसळत. एकाच छापेत दोन रंग आणि त्यांच्यामधल्या सगळ्या छटा मिळत. त्यावर लाल आणि काळ्या रंगाचे दाणेदार फटकारे आले, की जिथे ते एकमेकांवर पडत तिथे नवीन रंग तयार होई. पाहणाऱ्याला पोस्टर अनेक रंगांचे वाटे, मालकाला मात्र मोजक्या दगडांचेच पैसे पडत. १८९० च्या सुमारास शेरेने रेखाटनातला काळा रंगही काढून टाकला आणि गडद निळा आणला. त्याच्या नंतरच्या पोस्टरांमध्ये जी हवेशीर, उजळ झळाळी दिसते, तिचे एक कारण हा बदल आहे. साक्सोलेइन या दिव्याच्या तेलासाठी त्याने १८९१ पासून केलेली पोस्टरमालिका या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्यात एक तरुणी दिव्याशी उभी असते आणि दिव्याचा प्रकाश दाखवायला पिवळ्या शाईचा एक सपाट भाग पुरतो.

छपाईचे गणित त्याने किती सहज हाताळले, याचे आणखी एक उदाहरण म्हणजे १८९३ मधले लोई फुलरचे पोस्टर. ही अमेरिकन नर्तकी फोली बेर्जेर या रंगमंदिरात प्रचंड घोळाची वस्त्रे फिरवून नाचे आणि तिच्यावर रंगीत दिव्यांचे झोत बदलत राहत. बदलता प्रकाश स्थिर कागदावर कसा दाखवायचा? शेरेचे पोस्टर वेगवेगळ्या रंगसंगतींत छापले गेले. दगड तेच, शाया वेगळ्या. भिंतींवर या निरनिराळ्या प्रती लागल्यावर तीच नर्तकी वेगवेगळ्या उजेडात दिसू लागली.

आता भिंतीकडे वळू. शतकाच्या मध्यावर झालेल्या पुनर्रचनेत पॅरिसमध्ये रुंद रस्ते निघाले, जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या आणि बांधकामांभोवती लांबलचक कुंपणे उभी राहिली. १८६८ पासून गाब्रिएल मॉरिस या मुद्रकाच्या नावाने ओळखले जाणारे गोल स्तंभ नाटकांच्या जाहिरातींसाठी पदपथांवर आले. रेल्वे, मोठी दुकाने, गाण्याची सभागृहे आणि तयार माल विकणारे कारखाने यांना गिऱ्हाइकांचे लक्ष वेधायचे होते. मात्र निर्णायक ठरला तो २९ जुलै १८८१ चा मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा. या कायद्याने पोस्टर लावण्यावरची जुनी बंधने बऱ्याच प्रमाणात सैल केली. सरकारी सूचनांसाठी राखलेल्या जागा वगळायच्या आणि पांढरा कागद केवळ सरकारी सूचनांसाठी ठेवायचा, असे त्यात होते. पॅरिसच्या जुन्या भिंतींवर ‘पोस्टर लावण्यास मनाई, कायदा २९ जुलै १८८१’ अशी रंगवलेली पाटी आजही दिसते. पोस्टरावर मुद्रांक शुल्क मात्र होतेच, आणि त्या काळच्या अनेक प्रतींवर शुल्काचे तिकीट चिकटवलेले किंवा छापलेले आढळते. सारांश असा, की जागा मिळाली, परवानगी मिळाली, पण शेजारी आणखी वीस पोस्टरे ओरडत होती. त्यामुळे आपले पोस्टर दुरून ओळखू येणे ही गरज होऊन बसली.

तुलूझ-लोत्रेकचे पहिले पोस्टर या गरजेला दिलेले सर्वांत धाडसी उत्तर आहे. मुलां रूज हे नृत्यगृह १८८९ मध्ये उघडले, तेव्हा त्याचे पोस्टर शेरेनेच केले होते. दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, चालकांनी सत्तावीस वर्षांच्या लोत्रेकला काम दिले. त्याने केलेले पोस्टर सुमारे १९० सेंटिमीटर उंच, म्हणजे माणसापेक्षा मोठे आहे. एवढा कागद एका तुकड्यात छापता येत नसल्यामुळे ते एकाहून अधिक तुकड्यांत छापून भिंतीवर जोडले जाई. मध्यभागी ला गुल्यू ही नर्तकी, तिच्या घागऱ्याचा भाग म्हणजे रंग न लावलेला कोरा कागद. पुढे व्हालांतां या तिच्या जोडीदाराची राखाडी सावली आणि मागे प्रेक्षकांचा एकसंध काळा पट्टा, ज्यात फक्त टोप्यांच्या कडांवरून माणसे ओळखू येतात. डाव्या बाजूला पिवळे गोळे आहेत ते दिव्यांचे. चित्रात खोली दाखवणारी छायाप्रकाशाची मेहनत जवळजवळ नाहीच. असे पोस्टर रस्त्याच्या पलीकडून एका दृष्टिक्षेपात कळते.

लोत्रेकची ही दृष्टी घडवण्यात जपानी काष्ठमुद्रांचा वाटा मोठा होता. त्या पॅरिसमध्ये काही दशके विकल्या जात होत्या आणि १८९० मध्ये तिथल्या कलाशाळेत त्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. चित्राच्या कडेने आकृती निःसंकोच कापणे, तिरपी मांडणी, सपाट रंग हे सारे त्यांतून आले, असे नेहमी सांगितले जाते. त्यात एक गोष्ट जोडायला हवी. जपानी मुद्रेतही प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठसा लागतो. म्हणजे ज्या अटींशी फ्रेंच मुद्रक झगडत होते, त्याच अटींखाली जपानी कारागिरांनी आधीच एक परिपक्व चित्रभाषा तयार केली होती, आणि म्हणूनच ती फ्रेंच पोस्टराला इतकी सहज मानवली. १८९३ मधल्या ‘दिव्हां जापोने’ या गाण्याच्या कॅफेच्या पोस्टरात व्यासपीठावर गाणारी यव्हेत गिल्बेर दाखवली आहे, पण तिचे डोके कागदाच्या वरच्या कडेने कापले गेले आहे. तरी तिच्या लांब काळ्या हातमोज्यांवरून पॅरिसकरांनी तिला ओळखले असणार. समोर बसलेल्या जान आव्रिल या नर्तकीचा पोशाख म्हणजे काळ्या शाईचा एकच अखंड आकार. मागचा करडा भाग दातांच्या ब्रशने शाई शिंपडून केलेला आहे. ही शिंपडण्याची युक्ती लोत्रेकची आवडती होती, कारण तिने एकाच शाईतून हलकी छटा मिळे आणि जादा दगड लागत नसे.

लोत्रेक छापखान्यात स्वतः जाऊन बसे. १८९३ मध्ये त्याने एका मुद्राचित्रसंग्रहाच्या मुखपृष्ठासाठी जे चित्र केले, त्यात जान आव्रिल नुकताच निघालेला ठसा निरखत उभी आहे आणि तिच्या मागे कोतेल नावाचा वृद्ध मुद्रक हातछापयंत्रावर काम करतो आहे. अशा कारागिरांची नावे फारशी उरलेली नाहीत, याची खंत वाटते. दगड किती ओला ठेवायचा, कोणती शाई आधी चढवायची, कागद हवेतल्या दमटपणाने फुगला तर खुणा कशा जुळवायच्या, हे निर्णय त्यांचे होते आणि पोस्टराचे यश त्यांवर अवलंबून होते.

अल्फॉन्स मुखाने दाखवलेली वाट निराळी होती. मोराव्हियातून आलेल्या या चित्रकाराने सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीच्या ‘झिस्मोंदा’ या नाटकासाठी केलेले पोस्टर १८९५ च्या प्रारंभी पॅरिसच्या भिंतींवर लागले. उंच, अरुंद, जवळपास पुरुषभर उंचीची आकृती, डोक्यामागे कमान, आणि शेरेच्या झगझगीत लाल-पिवळ्याऐवजी फिकट, दबलेले रंग. गोंगाटी भिंतीवर हा संयतपणाच उठून दिसला. बर्नहार्टने मुखाशी अनेक वर्षांचा करार केला. मुखाच्या चित्रांत बारकावे भरपूर आहेत, पण नीट पाहिले तर सगळा डोलारा बाह्यरेषेवर उभा आहे. रेषेने बांधलेल्या कप्प्यांत सपाट रंग भरलेले आहेत, आणि तीही दगडाचीच शिस्त आहे. लोझानमध्ये जन्मलेला चित्रकार स्टेनलेन याने १८९४ मध्ये दुधाच्या जाहिरातीसाठी आपल्या लहान मुलीला बशीतून दूध पिताना आणि तीन मांजरांना तिच्याकडे आशेने पाहताना दाखवले. सुरुवातीला सांगितलेली १८९६ ची काळी मांजरही त्याचीच.

पोस्टरांचे वेड लवकरच संग्रहाच्या पातळीवर गेले. लोक रात्री ओल्या खळीवरून पोस्टरे सोलून नेत, किंवा ती चिकटवणाऱ्यांना पैसे देऊन कोऱ्या प्रती मिळवत. पॅरिसमधला व्यापारी सागो याने १८९१ मध्ये विक्रीसाठी काढलेल्या सूचीत दोन हजारांहून अधिक पोस्टरे होती. १८९५ पासून १९०० पर्यंत ‘ले मेत्र द लाफिश’ ही मालिका निघाली. तिच्यातून दरमहा निवडक पोस्टरांच्या लहान आकारातल्या शिळाछाप आवृत्त्या वर्गणीदारांना मिळत. एकूण २५६ चित्रे त्यात आली. आज आपल्याला माहीत असलेली बरीच पोस्टरे टिकली, याचे श्रेय या संग्राहकांना आणि व्यापाऱ्यांना आहे. भिंतीवर लागलेल्या प्रती बहुतेक नष्टच झाल्या.

याच काळात महाराष्ट्रातही शिळाछपाई नवीन नव्हती. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले होते, आणि राजा रविवर्मा यांचा रंगीत शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथे जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या देखरेखीखाली देवदेवतांची चित्रे छापली जात. दगड तोच, तत्त्वही तेच, पण उद्देश उलटा. घरात पूजेसाठी किंवा शोभेसाठी लावायचे चित्र तैलचित्रासारखे भरीव दिसावे, म्हणून तिथे अनेक दगड आणि बारीक ठिपक्यांच्या छटा वापरल्या गेल्या. लोत्रेकचे ‘दिव्हां जापोने’ आणि मळवलीची लक्ष्मी शेजारी ठेवून पाहिली, तर एकाच तंत्रातून किती भिन्न चित्रभाषा निघू शकतात, हे चांगले लक्षात येते.

पोस्टराची छपाई पूर्ण झाली, की दगड सहसा पुन्हा घासला जाई. दगड महाग होते, जड होते आणि जागा अडवत, म्हणून चित्र पुसून त्यावर दुसरे काम घेतले जाई. काही छापखाने दगडाऐवजी जस्ताचे पत्रे वापरू लागले होते, तेही असेच पुन्हा वापरले जात. यामुळे जुन्या दगडांवरून नव्या प्रती काढण्याची शक्यता जवळपास उरली नाही आणि आज विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य प्रती या छायाचित्रावरून ऑफसेट यंत्रावर छापलेल्या प्रतिकृती आहेत.

मूळ प्रत आणि प्रतिकृती यांतला फरक ओळखायला साधे भिंग पुरते. ऑफसेट छपाईत रंग म्हणजे एका मापात बसवलेल्या ठिपक्यांची जाळी असते, आणि त्या ठिपक्यांची छोटी छोटी फुले भिंगाखाली स्पष्ट दिसतात. शिळाछापात सपाट रंग खरोखरच अखंड असतो, कांडीचे दाणे वेडेवाकडे असतात, शिंपडलेले थेंब लहान-मोठे असतात आणि दोन रंग जिथे एकमेकांवर चढले आहेत तिथे खालची शाई वरच्या शाईतून डोकावते. लोत्रेकच्या जन्मगावी, आल्बी येथे, त्याच्या कामाचे मोठे संग्रहालय आहे. तिथे किंवा इतर कुठल्याही संग्रहालयात मूळ पोस्टरासमोर उभे राहण्याची संधी मिळाली, तर आधी दहा-पंधरा पावले मागे जाऊन ते पाहावे, कारण ते त्या अंतरासाठीच केले आहे. मग जवळ जाऊन कडा तपासावी. तिथे रंगांच्या सीमा केसभर सरकलेल्या दिसल्या, तर शाया कोणत्या क्रमाने चढल्या आणि दगड किती वापरले, याचा अंदाज स्वतःलाही बांधता येतो.